वाचनखुणांची वही

पोथी मिटताना वाचक पानात मोरपीस ठेवी. पुन्हा उघडताच तेच पान हाती येई. संगणकावर आंतरजालातील पाने दाखविणारा ब्राउझरही अशीच वाचनखूण ठेवतो. मात्र ती खूण पानात नसते. पानाचा पत्ता ब्राउझर आपल्याच वहीत टिपून घेतो. म्हणूनच फायरफॉक्समधील खूण क्रोमला ठाऊक नसते. दोन-तीन ब्राउझर वापरणाऱ्याच्या खुणा अशा विखुरतात, आणि संगणक बिघडला की वर्षानुवर्षांचा संग्रह क्षणात नाहीसा होऊ शकतो.

यावरील उपाय जुनाच आहे. १९९४ साली निघालेला नेटस्केप नॅव्हिगेटर सर्व खुणा एकाच साध्या फाइलीत लिहीत असे. पुढे इंटरनेट एक्सप्लोररने त्यांना ‘आवडती स्थळे’ म्हटले आणि प्रत्येक खुणेची निराळी फाइल केली! २००८ साली नेटस्केपचे काम थांबले. परंतु त्याच्या फाइलीची घडण टिकली. आजही फायरफॉक्स, क्रोम, सफारी आपापल्या खुणा त्याच घडणीच्या फाइलीत उतरवून देतात, आणि एकाने दिलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते.

खुणा एकत्र करण्यापूर्वी थोडी झाडलोट हवी. एकीकडे ‘गणित’ आणि दुसरीकडे ‘अंकगणित’ असे कप्पे असले, तर दोन्ही तसेच राहतात व एकच पत्ता दोनदा दिसतो. पानाचे लांबलचक नाव बदलून ‘रायगडाचा नकाशा’ असे सुटसुटीत करावे. मग एक ब्राउझर मुख्य मानून साऱ्या खुणा तेथे आणाव्यात, आणि नावात तारीख घातलेली फाइलीची एक प्रत संगणकाबाहेर, पेन ड्राइव्हवर ठेवावी.