नस्तरानंतरच्या गोळ्या

पाठीवरचे गळू फोडणे, मानेवरची चरबीची गाठ काढणे, पायात मोडलेला काटा चीर देऊन उपसणे, ही कामे दवाखान्यात बहुधा अर्ध्या तासात उरकतात. कातडी बधिर करण्याची सुई दिलेली असल्यामुळे रोग्यास वेदनाही फारशी होत नाही, आणि तो पट्टी बांधून व औषधाची चिठ्ठी घेऊन त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी येतो. येथवरचे काम डॉक्टरांचे. पुढचे काम रोग्याचे व त्याच्या घरच्या माणसांचे असते, आणि घोटाळा होतो तो येथेच. याकरिता चिठ्ठीवरील औषधांचा विचार या पाठात करू.

चिठ्ठीवर पुष्कळदा दोन जातींच्या गोळ्या असतात. एक वेदना थांबविणारी व दुसरी जंतूंचा नाश करणारी. या दोहोंचा भेद ज्यास कळला त्यास या पाठातील मुख्य गोष्ट कळली. पहिली गोळी ठणका असेतोवर घ्यावयाची. ठणका गेला की तिचे काम संपले. जंतुनाशक गोळीचे तसे नाही. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले असतील तितके दिवस ती घ्यावयाची, मग जखम दुखो अगर न दुखो. परंतु होते असे की, तिसऱ्या दिवशी बरे वाटू लागते आणि लोक दोन्ही गोळ्या एकदम सोडून देतात. उरलेले पाकीट फळीवर जाते, पुढेमागे कोणास उपयोगी पडेल म्हणून! काटकसर हा गुण खरा, पण ही काटकसर नव्हे.

औषध मध्येच थांबले असता काय होते, हे ऑक्सफर्ड येथे १९४१ साली दिसून आले. आल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाच्या चेहऱ्यावरील जखम चिघळून तिचे विष अंगभर पसरले होते; एक डोळाही काढावा लागला होता. १२ फेब्रुवारीस त्यास पेनिसिलीन देण्यास आरंभ झाला. ते औषध त्या वेळी इतके दुर्मिळ होते की, रोग्याच्या लघवीतून ते पुन्हा काढून त्यासच देत असत. थोड्याच दिवसांत ताप उतरला आणि तो अन्न खाऊ लागला. इतक्यात औषधाचा साठा संपला. जंतू दबले होते, मेले नव्हते. रोग पुन्हा उलटला, व १५ मार्चला तो मरण पावला. त्या बिचाऱ्यास औषध मिळाले नाही. आपण मिळालेले औषध फळीवर ठेवितो.

पेनिसिलीनचा शोध १९२८ साली लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानात असा इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, तर त्या औषधास तोंड देण्यास शिकतात. असे शिकलेले जंतू मग घरातील दुसऱ्या माणसासही लागतात.

याची दुसरी बाजूही आहे. गळवातील पू निघून गेला हाच मुख्य उपचार होय. लहान गळू किंवा स्वच्छ गाठ काढल्यावर डॉक्टर पुष्कळदा जंतुनाशक गोळी देतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. तेवढ्यावरून डॉक्टरांस नावे ठेवू नयेत, अगर दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणू नयेत. ज्या पाकिटावर उभी तांबडी रेघ असते, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यावयाचे नाही, अशी ती खूण आहे. पाच दिवस सांगितले असता दहा दिवस घेणे हेही चूकच.

वेदनेसाठी बहुधा पॅरासिटॅमॉल देतात. बधिरपणा एकदोन तासांत उतरतो, तेव्हा पहिली गोळी कधी घ्यावी हे निघतानाच विचारून घ्यावे. दोन वेळांमध्ये निदान चार तासांचे अंतर असावे, आणि प्रौढ माणसानेही चोवीस तासांत ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या वर जाऊ नये. जो दारू पितो, ज्यास यकृताचा विकार आहे किंवा जो फार कृश आहे, त्याची मात्रा याहून कमी असते. सर्दीतापाच्या अनेक गोळ्यांतही हेच औषध असते, त्यामुळे नकळत दुप्पट पोटात जाते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या जेवणानंतर घ्याव्या. मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटात व्रण असणाऱ्याने व गरोदर स्त्रीने त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मधुमेहाचे अगर रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल तर ते आधीच सांगावे, आपण होऊन बंद करू नये.

एखादी वेळ चुकली तर आठवण होताच गोळी घ्यावी. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला, तर गोळी थांबवून ताबडतोब दवाखाना गाठावा. जखमेभोवतीची लाली पसरू लागली, पू आला किंवा ताप चढला तरीही तसेच जावे. चुना, राख, शेण किंवा तंबाखू जखमेत भरू नये.

ज्यांस वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर शेजाऱ्याने खुणा करून द्याव्या. आठ तासांच्या अंतराने तीन वेळा घ्यावयाची गोळी सकाळी सहा, दुपारी दोन व रात्री दहा वाजता येते. तेव्हा उगवता सूर्य, माथ्यावरून कललेला सूर्य आणि चंद्र अशी तीन चित्रे काढावी, व गोळी घेतली की त्या चित्राखाली एक रेघ ओढावयास सांगावे.