मतांनीं वर चढणारी बातमी

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर कोणती बातमी यावी, हें ठरविण्याचें काम पूर्वापार संपादकाचें आहे. तो चुकला तर दोष कोणास द्यावा, हें वाचकांस ठाऊक असतें. परंतु इंटरनेटच्या युगांत अमेरिकेंत अशीं कांहीं संकेतस्थळें निघालीं कीं, ज्यांचें पहिलें पान वाचकच आपल्या मतांनीं रचितात. त्यांची घडण व त्यांचे गुणदोष आमच्या विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावे, एवढ्याच हेतूनें आम्ही हा विषय येथें घेतला आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. इ. स. १९९७ मध्यें निघालेल्या 'स्लॅशडॉट' ह्या संकेतस्थळास वाचक बातम्या पाठवीत. पण त्यांतून निवड करीत ते संपादकच. इ. स. २००४ च्या डिसेंबरांत केव्हिन रोझ व त्यांचे सहकारी ह्यांनीं 'डिग' सुरू केलें आणि निवडीचा अधिकार वाचकांच्या हातीं दिला. पुढील वर्षीं जून महिन्यांत स्टीव्ह हफमन व ॲलेक्सिस ओहानियन ह्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या दोन नव्या पदवीधरांनीं 'रेडिट' काढलें. ह्या दोहोंची रीत स्थूलमानानें एकच. कोणी एक सभासद बातमीचा दुवा मांडतो. इतर सभासद तिला अनुकूल किंवा प्रतिकूल मत देतात. आणि मतांच्या हिशेबानें ती वर चढते किंवा खालीं जाते.

हा हिशेब नुसत्या बेरजेचा नव्हे. तसा असता तर जुनी बातमी कायमची माथ्यावर बसती व नवीस जागाच मिळती ना. म्हणून वेळेचाही विचार करावा लागतो. रेडिटनें एके काळीं आपली जी गणनापद्धति सर्वांसाठीं खुली केली होती, तींत अनुकूल मतांतून प्रतिकूल मतें वजा करून बाकीचा लॉगरिथम घेत. म्हणजे मतांची बाकी १ वरून १० होणें, १० वरून १०० होणें व १०० वरून १००० होणें, ह्या तिन्हींची किंमत सारखीच. आणि अशी प्रत्येक दसपट म्हणजे साडेबारा तासांची आघाडी. लॉगरिथमचा व्यवहारांत उपयोग काय, असें विचारणाऱ्या मुलांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें! ह्यावरून एक गोष्ट उघड होते. आरंभीं पडणाऱ्या मूठभर मतांचें वजन मागाहून येणाऱ्या शेंकडों मतांइतकें असतें.

मग हीं पहिलीं मतें पुढच्या वाचकांच्या मनावर कितपत परिणाम करतात? इ. स. २०१३ मध्यें लेव्ह मुचनिक, सिनान अरल व शॉन टेलर ह्यांनीं ह्या प्रश्नावरील आपला प्रयोग 'सायन्स' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. अशाच एका संकेतस्थळावरील १,०१,२८१ अभिप्राय त्यांनीं घेतले. त्यांपैकीं कांहींस, मजकुराकडे न पाहतां, एक अनुकूल मत आधींच देऊन ठेविलें; कांहींस प्रतिकूल मत दिलें; बाकीचे तसेच राहूं दिले. अनुकूल मत मिळालेल्या अभिप्रायास पुढच्या पहिल्या वाचकाचें अनुकूल मत मिळण्याचा संभव ३२ टक्क्यांनीं वाढला, आणि त्याची अखेरची मतसंख्या सरासरीनें २५ टक्के अधिक भरली. खोट्या नापसंतीस वाचकांनीं आळा घातला. खोट्या पसंतीच्या मागें मात्र ते मुकाट्यानें गेले.

ह्या पद्धतीचे गुण आम्ही नाकारीत नाहीं. एखाद्या अप्रसिद्ध लेखकाचा उपयुक्त लेख हजारों वाचकांपुढें येतो, आणि चालकांस मनमानी करतां येत नाहीं. इ. स. २०१० च्या ऑगस्टांत डिगनें आपली रचना बदलली, तेव्हां पुष्कळ वाचक रुष्ट होऊन रेडिटकडे गेले, व दोन वर्षांत डिग विकण्याची पाळी आली.

परंतु त्याच रेडिटवर इ. स. २०१३ च्या एप्रिलांत काय घडलें तेंही पाहावें. बोस्टन शहरीं शर्यतीच्या वेळीं बाँबस्फोट झाले. असंख्य सभासद छायाचित्रें तपासून स्वतःच गुन्हेगार शोधूं लागले, आणि एका बेपत्ता तरुण विद्यार्थ्याचें नांव संशयित म्हणून पसरलें. तो सर्वस्वीं निरपराध होता. त्याचा शोध करीत असलेल्या दुःखी कुटुंबास परक्यांचे शिव्याशाप सोसावे लागले. पुढें तो मृत सांपडला; त्याचा मृत्यु हा आरोप होण्यापूर्वींच झाला होता. रेडिटच्या चालकांनीं जाहीर क्षमा मागितली. पण ज्यांनीं तें नांव मतें देऊन वर चढविलें, त्यांपैकीं प्रत्येकाचा वांटा एका बोटाच्या हालचालीएवढाच होता. वांटा लहान असला म्हणजे जबाबदारीही लहान, असें मन आपणांस समजाविते. तें खरें नव्हे.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, मतांची संख्या एखादी बातमी कितीजणांस आवडली हें सांगते; ती खरी आहे कीं नाहीं हें सांगत नाहीं. मजकूर पुरा वाचल्यावांचून मत देऊं नये. दुसऱ्यांचीं मतें पाहण्यापूर्वीं आपलें मत बनवावें. आणि ज्या मजकुरांत कोणा मनुष्याची अब्रू गुंतली असेल, त्यास पुराव्यावांचून हात लावूं नये. 'ऐकावें जनाचें, करावें मनाचें' ही म्हण आमच्या आज्यापणज्यांची असली, तरी ह्या नव्या जनांतही ती तितकीच खरी आहे; मात्र तें मन आधीं विचारी केलेलें असावें.