एकच उत्तर असलेले कोडे : तर्काच्या खेळाचा एक पाठ

विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला देण्याची रीत आपल्या शाळांत जुनी आहे. कोडे रचायला मात्र क्वचितच सांगितले जाते. वस्तुतः रचणाऱ्याचे काम अधिक कठीण असते. सोडवणाऱ्याला एक वाट सापडली की पुरते. रचणाऱ्याला ती वाट मोकळी आहे आणि बाकीच्या सर्व वाटा बंद आहेत, अशी दुहेरी खात्री करून घ्यावी लागते. या पाठात आपण एक लहानसे कोडे प्रारंभापासून रचून पाहणार आहोत.

याला निमित्त आहे ‘गेम जॅम’ या उपक्रमाचे. ठरलेल्या मुदतीत, बहुधा ४८ तासांत, संगणकावरचा एक छोटा खेळ पूर्ण करायचा, असे त्याचे स्वरूप असते. ‘लुडम डेअर’ हा असा उपक्रम २००२ पासून, तर ‘ग्लोबल गेम जॅम’ २००९ पासून चालत आला आहे. खेळाचा विषय आरंभीच्या क्षणापर्यंत गुप्त असतो. त्यामुळे आधी तयारी करून येणाऱ्याचा फारसा लाभ होत नाही. इतक्या अल्प अवधीत भव्य चित्रे आणि लांब कथा साधत नाहीत. तर्काचे छोटे कोडे मात्र साधते, कारण त्याला प्रथम लागतात ते कागद, पेन्सिल आणि निवांत डोके. महागडा संगणक नसलेल्या विद्यार्थ्यालाही हे काम तितक्याच तोलाने करता येते, ही बाब आम्हांला विशेष मोलाची वाटते.

कोड्याची मांडणी

विषय ‘प्रवास’ असा मिळाला, असे धरू. आपण नवी मुंबईचे रहिवासी. तेव्हा हार्बर मार्गावरील लोकल घेऊ. पनवेलकडे जाणाऱ्या गाडीत पावसाळ्याच्या दिवशी चार प्रवासी आहेत. एकाची छत्री लाल, एकाची निळी, एकाची पिवळी, एकाची हिरवी. ते वाशी, सानपाडा, जुईनगर आणि नेरूळ या ओळीने येणाऱ्या स्थानकांवर, प्रत्येक स्थानकावर एक, असे उतरतात. कोण कोठे उतरला?

सूचना पुढीलप्रमाणे :

१. लाल छत्री निळ्या छत्रीच्या आधी उतरते.
२. पिवळी आणि हिरवी छत्री लगतच्या स्थानकांवर उतरतात.
३. हिरवी छत्री वाशीला उतरत नाही आणि नेरूळलाही उतरत नाही.
४. निळी छत्री नेरूळला उतरत नाही.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून स्वतः प्रयत्न करावा.

उकल

नेरूळला कोण उतरले, येथून आरंभ करू. निळी नाही, असे चौथी सूचना सांगते. हिरवी नाही, असे तिसरी सांगते. लाल छत्रीनंतर निळी उतरायची आहे. म्हणून लाल छत्रीही शेवटच्या स्थानकावर उतरू शकत नाही. उरली पिवळी, तिचे नेरूळ निश्चित झाले. हिरवी तिच्या लगत, म्हणजे जुईनगरला. राहिलेल्या दोन स्थानकांपैकी वाशी लाल छत्रीचे आणि सानपाडा निळ्या छत्रीचे. कोठेही अंदाज बांधावा लागला नाही. प्रत्येक पायरीला कारण आहे, आणि ते कारण सोडवणाऱ्याच्या हातातच आहे.

रचणाऱ्याची तपासणी

आता पडद्यामागे जाऊ. चार छत्र्या चार स्थानकांवर २४ प्रकारे उतरू शकतात. पहिल्या सूचनेने त्यांतले १२ उरतात, दुसरीने ६, तिसरीने ४ आणि चौथीने नेमका १. उत्तर एकच आहे, हे असे मोजून सिद्ध होते. ‘मला तरी दुसरे सुचत नाही’ एवढ्याने सिद्ध होत नाही.

एकच उत्तर असणे ही पहिली कसोटी. दुसरी कसोटी अशी की कोड्यात अनावश्यक काही नसावे. तिसऱ्या सूचनेतील ‘वाशीला उतरत नाही’ हा भाग आपल्या उकलीत कोठेच वापरला गेला नाही. तो गाळून पाहू. आता तिसऱ्या सूचनेनंतर ५ क्रम उरतात, पण चौथीनंतर पुन्हा एकच. म्हणजे तो भाग खुशाल काढावा. उरलेल्या चार सूचना मात्र अपरिहार्य आहेत. पहिली काढली तर ६ उत्तरे संभवतात, दुसरी काढली तर ३, तिसरी काढली तर २ आणि चौथी काढली तर ५.

चार स्थानकांची मोजणी कागदावर होते. वाशीपासून पनवेलपर्यंतची दहाही स्थानके घेतली तर क्रम ३६,२८,८०० होतात. येथे संगणकाचे खरे काम सुरू होते. सर्व क्रम एकामागून एक तयार करून सूचनांशी ताडून पाहणारी छोटी आज्ञावली नवशिक्यालाही लिहिता येते. आधी ही तपासणी, मग चित्रे, मग ध्वनी, हा क्रम पाळावा. ४८ तासांपैकी अखेरचे काही तास कोडे न पाहिलेल्या व्यक्तीला ते सोडवायला देण्यासाठी राखून ठेवावेत. ती अडखळेल तेव्हा रचणाऱ्याने काहीही सुचवू नये. ती कोठे अडखळते याची केवळ नोंद घ्यावी.

थोड्या साधनांचे मोल

थोड्या सामग्रीतून किती खोल जाता येते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. देवळालीच्या शाळेतील शिक्षक द. रा. कापरेकर यांनी अंकांशी खेळता खेळता ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. अधिकाधिक सात पायऱ्यांत ६१७४ येते. उदाहरणार्थ ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. ही संख्या आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते.

या खेळातून काय शिकायचे?

दोन उत्तरे असलेले कोडे सोडवणाऱ्यावर अन्याय करते. त्याने अचूक विचार करूनही त्याचे उत्तर चूक ठरू शकते, आणि मग तो तर्क सोडून नशिबावर विसंबू लागतो. ‘आपल्याला हे जमणार नाही’ असे मानून गप्प बसलेली मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्या हाती प्रामाणिकपणे रचलेले कोडे पडले तर त्यांना उमगते की उत्तर कोणा मोठ्या माणसाच्या मर्जीवर अवलंबून नाही. कारणे तपासली तर ते आपल्यालाही गाठता येते. रचणारा विद्यार्थी याहून पुढचे शिकतो : आपले म्हणणे दुसऱ्याने मान्य करावे असे वाटत असेल, तर त्याला पडताळणीची सर्व साधने देणे हे आपले कर्तव्य आहे.

अभ्यास

वरील कोड्यात सीवूड्स-दारावे हे पाचवे स्थानक आणि पांढरी छत्री वाढवावी. चारही सूचना तशाच ठेवून आणखी दोन सूचना अशा शोधाव्यात की पांढरी छत्री सीवूड्सला उतरते हे थेट न सांगताही उत्तर एकच राहील. तपासण्याचे क्रम आता १२० आहेत. पालक आणि मुलांनी मिळून एक संध्याकाळ या कामाला द्यावी, अशी आमची विनंती आहे.