सलग बघावं की रोज थोडं? नंदगडच्या घरातला मालिकांचा हिशेब

संध्याकाळी सात ते साडेनऊ या वेळेत आमच्या गल्लीत कुणाला फोन लावला तर तो सहसा उचलला जात नाही. घराघरांत मराठी मालिका चालू असतात. त्याच घरांतली, कॉलेजसाठी खानापूर-बेळगावची बस धरणारी पोरं शनिवारी रात्री मोबाइल घेऊन बसतात आणि आठ भागांची वेबसिरीज पहाटेपर्यंत संपवून उठतात. दोन्हींचे पैसे मात्र एकाच पाकिटातून जातात, आणि ते पाकीट बहुतेक घरांत आईच्या हाती असतं. म्हणून हा हिशेब मुख्यतः तिच्यासाठी. आकडे 2025 पर्यंतचे आहेत. दर वरचेवर बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी एकदा ताजा दर बघून घ्या.

आधी टीव्ही. केबल असो वा छत्री, बिलाचे दोन भाग असतात. पहिला जोडणीचा मासिक आकार. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, त्यावर 200 चॅनलपर्यंत 130 रुपयांची मर्यादा घातली होती. जुलै 2024 मध्ये ती उठली आणि आता दर कंपनीच ठरवते. तरी 130 हा आकडा मोजपट्टी म्हणून ध्यानात ठेवा: 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. दुसरा भाग आपण निवडलेल्या पैशाच्या चॅनलांचा. पॅकमध्ये घालायच्या कुठल्याही चॅनलची सुटी किंमत 19 रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. जीएसटीसह ती होते 22 रुपये 42 पैसे. समजा घरात दोनच मराठी वाहिन्या रोज लागतात आणि दोन्ही 19 रुपयांच्या आहेत. मग महिन्याला साधारण 198 रुपये, वर्षाला 2,379.

सीमाभागातलं नुकसान होतं ते इथंच. पत्ता कर्नाटकचा, म्हणून नवी जोडणी घेताना कन्नड पॅक पुढं केला जातो आणि मराठी वाहिन्या त्यावर वेगळ्या चढवल्या जातात. कन्नड बातम्या, सिनेमे घरात बघितले जात असतील तर तो पॅक जरूर ठेवा, आपल्याकडे दोन्ही भाषा कानाला सवयीच्या आहेत. पण बघितलंच जात नसेल तर तो घ्यायची कसलीही सक्ती नाही. राज्य कुठलंही असो, हवं ते चॅनल सुटं मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. आमच्या घरी कित्येक महिने दोन पॅकचे पैसे जात होते. चॅनलांची यादी मागून घेतली, एकेका नावावर बोट ठेवून ‘हे कोण बघतंय?’ असं विचारलं, तेव्हा अर्ध्याहून जास्त नावांना घरात कुणी धनीच निघाला नाही. बिलाची फोड करून मागा. लाजू नका.

ज्यांना महिन्याचा खर्चच नको त्यांच्यासाठी दूरदर्शनची फ्री डिश आहे. छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदाच द्यायचे, मासिक काही नाही, आणि सह्याद्री दिसते. खाजगी वाहिन्या त्यावर लिलावाने येतात-जातात. म्हणून तुमची मालिका ज्या वाहिनीवर लागते ती आज तिथं आहे का, हे आधी विचारा.

आता सलग बघण्याचं. ॲपवरच्या खर्चाचं गणित भागांच्या संख्येवर ठरतं. सोनी लिव्हवर ऑक्टोबर 2024 मध्ये आलेली ‘मानवत मर्डर्स’ आठ भागांची. अशी सिरीज एका महिन्याच्या वर्गणीत आरामात संपते. पण काही ॲप आठवड्याला एकच भाग सोडतात. आठ भागांची मालिका तशी आली तर पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत 49 दिवस जातात, म्हणजे दोन महिन्यांचे पैसे. प्राइमचा महिना 299 रुपयांचा, दोन महिन्यांचे 598. तीन महिन्यांचा पॅक 599 चा आहे, म्हणजे रुपयाभर जास्त देऊन आणखी एक महिना मिळतो. आणि शेवटचा भाग येईपर्यंत थांबलात तर 299 मध्ये सगळं बघून होतं. थांबायचं जमत असेल तर यासारखी बचत नाही.

याउलट वर्ष-दोन वर्षं चालणाऱ्या रोजच्या मालिकेसाठी ॲपची वर्गणी भरणं मला पटत नाही. टीव्हीची जोडणी घरात आहेच, त्यावर तीच वाहिनी महिन्याला साडेबावीस रुपयांत येते. आणि फुकटाचं विसरू नका: 2020 साली आलेली, सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची ‘समांतर’ एमएक्स प्लेअरवर जाहिरातींसह मोफतच होती. आधी तिथं शोधा, मग पैसे मोजा.

मोबाइलवाल्यांचा खरा खर्च वर्गणीत नसतो, डेटात असतो. नेटफ्लिक्सच्या आकड्यांनुसार मध्यम दर्जाच्या चित्राला तासाला सुमारे 0.7 जीबी लागतो, एचडीला 3 जीबीपर्यंत. पाऊण तासाचे आठ भाग म्हणजे सहा तास. मध्यम दर्जाला 4.2 जीबी, एचडीला 18. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा पॅक 299 चा झाला. त्यात एकाच दिवसाच्या डेटात सहा तास बघायचे तर 2.7 जीबी कमी पडतो. एक जीबीचा जादा पॅक 19 रुपयांना, असे तीन म्हणजे 57 रुपये. तीच सिरीज रोज दोन भागांप्रमाणे चार दिवसांत बघितली तर रोज एक जीबीच्या आसपास लागतो आणि वरचा रुपयाही जात नाही.

अजून एक साधी गोष्ट. रोजचा डेटा रात्री बारा वाजता नव्याने मिळतो, उरलेला पुढं जात नाही. म्हणून झोपायच्या आधी उरल्या डेटात पुढचे दोन भाग डाउनलोड करून ठेवा. पावसाळ्यात याचा फार उपयोग होतो. खानापूर तालुक्यातला जुलै ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको: मुसळधार लागला की छत्रीचा सिग्नल तुटतो, लाइट जाते. फोनमध्ये उतरवलेला भाग तेवढा चालतो.

विजेची काळजी फार करू नका. 32 इंची एलईडी टीव्ही सुमारे 50 वॅटचा, रोज चार तास म्हणजे महिन्याला सहा युनिट. कर्नाटकच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत असाल आणि वापर तुमच्या ठरलेल्या युनिटच्या काठावर असेल तरच हे सहा युनिट मोजा.

एक गोष्ट मात्र मला मनापासून सांगायचीय. नेटफ्लिक्सचा मोबाइल पॅक 149 चा, टीव्हीवर फुल एचडीत दिसणारा 499 चा. नुसते आकडे बघितले तर 149 स्वस्त. पण तो एका हातातल्या एका पडद्याचा आहे. घरात चौघं बघणार असतील तर 499 चे माणशी सव्वाशेच होतात, आणि वाटून बघितलेल्या गोष्टीवर दुसऱ्या दिवशी जेवताना बोलताही येतं. 1988 ते 1990 या काळात रविवारी सकाळी ‘महाभारत’ लागायचं, तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी अख्खी गल्ली जमायची. पुढच्या रविवारपर्यंत विहिरीवर, बाजारात तोच विषय. 94 भाग असे पुरवून पुरवून बघितले गेले. आईला नि आजीला सोबत घेऊन बघणं परवडणार असेल तर त्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी मी ते जाऊ देईन.

शेवटी पैसे गळतात ती जागा. एक महिन्यासाठी म्हणून वर्गणी भरताना ऑटोपेला परवानगी दिली जाते आणि सिरीज संपल्यावर कुणी ती बंद करत नाही. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी मेसेज येतो, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. तो वाचत जा. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असं लिहिलेलं असतं, तिथं चालू असलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात. वर्गणी भरली त्याच दिवशी ती रद्द करून टाकली तरी सहसा भरलेला महिना पुरा बघायला मिळतो. ॲप नुसतं फोनमधून काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. आणि पोरांच्या परीक्षेसाठी महिनाभर टीव्ही बंदच ठेवणार असाल, तर केबलवाल्याला किंवा छत्रीच्या कंपनीला आधीच कळवून जोडणी तात्पुरती थांबवून घ्या. ट्रायच्या नियमांत तशी सोय आहे.