फोटोपुरत्या सायकली

मी हे लिहितोय असं कळल्यावर दोघातिघांचे फोन येऊन गेले. सगळ्यांचा सूर एकच, "जाऊ द्या ना सर, चांगल्या कामात थोडंफार इकडेतिकडे होतंच." का म्हणून जाऊ द्यायचं? पैसे दिले मुकुटबनच्या लोकांनी. मागायला गेलो मी. आणि आता बाजारात पिशवी घेऊन उभा राहिलो की "सर, पोट्ट्यायच्या सायकलीचं काय झालं बाप्पा?" हे ऐकायचं तेही मीच. ज्यांनी उत्तर द्यायचं ते शहरात बसून पुढच्या राईडच्या टी-शर्टचा रंग ठरवताहेत.

सायकल राईड दोन दिवसांची होती. नागपूरहून पहाटे निघायचं, वरोऱ्याला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पाटाळ्याच्या पुलावरून वर्धा नदी ओलांडून वणी, तिथून कायरमार्गे मुकुटबन. पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, शाळेत पायी येणाऱ्या कोलाम मुलींना सायकली द्यायच्या आणि त्यासाठी राईडमधल्या प्रत्येकाने आपापल्या ओळखीत देणगी जमवायची, असा बेत. बेतात खोट काहीच नव्हती. मला 'लोकल को-ऑर्डिनेटर' नेमलं. म्हणजे मंडप, पोहे, मुख्याध्यापकांची परवानगी आणि गावातली वर्गणी माझ्याकडे. वर्गणीसाठी पावतीपुस्तक द्या, हे मी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. "सर, आता सगळं क्यूआरवर असतं," असं हसून उत्तर आलं. तरी मी माझ्या वहीत प्रत्येकाचं नाव, रक्कम आणि सही घेत गेलो. किराणावाल्याची, कृषी केंद्रवाल्याची, शाळेतल्या शिपाईमामांची, पंक्चरवाल्याचीसुद्धा. आज गावात माझी मान वर आहे ती त्या वहीच्या जोरावर.

वरोऱ्याला आनंदवन, त्यामुळे बॅनरवर बाबा आमट्यांचा फोटो आणि रात्री भाषणं. २४ डिसेंबर १९८५ ला बाबांनी कन्याकुमारीहून 'भारत जोडो' सायकलयात्रा काढली, शंभरावर तरुण-तरुणी सोबत, काश्मीरपर्यंत पाच हजार किलोमीटरच्या पुढचं अंतर. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नव्हतं, ते गाडीत आडवे पडून सोबत गेले. १९८८ साली दुसरी यात्रा निघाली, इटानगर ते ओखा. हे सगळं भाषणात आलं, टाळ्याही झाल्या. ती यात्रा माणसांना भेटण्यासाठी होती, एवढंच कोणी म्हणालं नाही. आमचं थांबणं ठरत होतं ड्रोनवर. ड्रोनची बॅटरी चार्ज व्हायची म्हणून दुसऱ्या दिवशी निघायलाच उजाडून वर दोन तास गेले.

त्या दोन तासांची किंमत वणीच्या पुढे कळते. हा कोळशाचा मुलूख आहे. ऊन वर येईपर्यंत कोळशाच्या ट्रकांची रांग लागते, आणि मुकुटबनला सिमेंटचा कारखाना सुरू झाल्यापासून बल्करही आले. रस्त्याच्या कडेला डांबर संपतं तिथे वीतभर खाली उतार, त्यावर बारीक गिट्टी. अंगावर बल्कर आला म्हणून शहरी माणूस कडेला उतरायला जातो आणि घसरून चाकाखाली जायची वेळ येते. हे मी आदल्या रात्री सांगितलं होतं. पण नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली अमेरिकेतली सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रॅम' ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली, त्याचा आपल्याकडे एक परिणाम असा झालाय की दोन लाखांची सायकल घेतलेल्या प्रत्येकाला आपण शर्यतीतच आहोत असं वाटतं. पुढची मंडळी जी सुटली ती दिसेनाशी झाली. सोबतची गाडीही त्यांच्यापुढे, कारण शूटिंग तिथे. मागे राहिली एक कॉलेजची मुलगी, पायात गोळे आलेले एक बँकवाले, आणि मी.

कायरच्या अलीकडे मुलीचं चाक बसलं. बाभळीचा काटा. सायकल महागडी, ट्यूबचा व्हॉल्व्ह पेन्सिलीच्या टोकाएवढा बारीक. तिचा पंप गाडीत, आणि गाडी पुढे. पंक्चरवाल्याने फिरवून फिरवून पाहिलं, म्हणाला, "सर, हे तोंड आपल्या पंपाले बसत नाई." पितळेचा एवढासा अडॅप्टर लागतो, चाळीस-पन्नास रुपयांचा, खिशात मावतो. माझ्याकडे होता म्हणून निभावलं. तेवढ्यात पुढच्यांचा फोन: ते स्वतःच अडकलेत. मोबाइलच्या नकाशाने जवळचा रस्ता म्हणून पांदण दाखवली आणि हे शिरले. आदल्या रात्री अवकाळी सर पडून गेलेली. आमच्याकडची काळी माती ओली झाली की टायरला थरावर थर चढतात, आणि या शर्यतीच्या सायकलींत चाक आणि फोर्कच्या मध्ये बोट जाईल एवढीही जागा नसते. चाक फिरायचंच थांबतं. मग दोन लाखांची सायकल खांद्यावर. कापूस वेचणाऱ्या बायांनी काठीने माती खरवडून दिली, हे नंतरच्या व्हिडिओत 'रस्टिक एक्सपीरियन्स' म्हणून आलं. बायांची नावं कोणी विचारली नव्हती.

पण हे सगळं मी विसरलो असतो. रस्ता आहे, काटे असणार. मी लिहायला बसलो ते शाळेच्या पटांगणात जे झालं त्यामुळे.

मंडपात दहा सायकली मांडलेल्या. २२ इंची, लाल रिबन लावलेल्या, सीटवरचं प्लास्टिकही तसंच. नावं पुकारली, मुली एकेक करून पुढे आल्या, पाहुण्यांनी हँडल हातात दिलं, ड्रोन डोक्यावर घोंघावला. आठवीतल्या एका मुलीने तर सायकल हातात येताच दप्तर कॅरियरला अडकवूनसुद्धा टाकलं. तिचे आजोबा पोडावरून चालत आले होते, मंडपाच्या खांबाला टेकून बघत होते. आभार झाले, पोहे झाले. मी मंडपवाल्याचा हिशेब करत होतो, तेव्हा आजोबा माझ्यापाशी आले. "सर, सायकली गाडीत काहून भरून राह्यले?"

मी बाहेर आलो. पिकअपचा फाळका खाली, ड्रायव्हर सायकली चढवतोय. ती मुलगी आपलं दप्तर कॅरियरवरून सोडवत होती. गुपचूप. कोणी रडलं-ओरडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आयोजकांपैकी एकजण गॉगल पुसत उभा होता. त्याला विचारलं, तर अगदी सहज म्हणाला, "सर, पाटणबोरीला पण प्रोग्राम आहे ना. तिथलं शूट झालं की एकत्र डिस्ट्रिब्यूट करू." म्हणजे त्याच सायकली, त्याच रिबनी, पाटणबोरीच्या मुली. मी म्हटलं, मग इथल्या मुलींना आत्ता जे दिलं ते काय होतं? "सिम्बॉलिक," तो म्हणाला. हा शब्द तो ज्या चेहऱ्याने बोलला तो चेहरा मी अजून विसरलेलो नाही. चूक उघडी पडल्याची खंत त्यात औषधालाही नव्हती. उलट मीच समारंभाची मजा घालवतोय असा वैताग होता.

मी पिकअपपुढे उभा राहिलो. मुख्याध्यापक आले, गावातली पोरं जमली. शेवटी चार सायकली खाली उतरल्या. दप्तरवाल्या मुलीला मिळाली. बाकी सहा "आठवड्यात पाठवतो" म्हणून गेल्या, त्या गेल्याच.

त्यानंतर फोनवर फोन. आधी "प्रोसेसमध्ये आहे", मग "अकाउंटंट बाहेरगावी आहे", मग फोन उचलणं बंद. अखेर एक पानी पीडीएफ आलं. ड्रोन, मेडल, टी-शर्ट, वरोऱ्याचा मुक्काम, 'ब्रँडिंग', आणि तळाशी उरलेल्या रकमेत सायकली. तो क्यूआरही कुठल्या संस्थेचा नव्हताच, त्यांच्यातल्याच एकाच्या बचत खात्याचा निघाला. माझ्या वहीतल्या शिपाईमामांचे पैसे कुणाच्या तरी गळ्यातल्या मेडलला लागले.

तेव्हा आता, ज्यांच्या गावात असं काही येऊ घातलंय त्यांच्यासाठी.

पहिला प्रश्न पैशाचा विचारा, आणि असा विचारा: राईडचा खर्च कुठून भागणार? हे गुंतागुंतीचं नाही, जगात लोकांनी सोडवलेलं आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९८० पासून 'पॅन-मास चॅलेंज' नावाची राईड होते, कर्करोग उपचार आणि संशोधनाच्या डाना-फार्बर संस्थेसाठी. तिथे बरीच वर्षं नियम असा आहे की स्वारांनी जमवलेली देणगी पूर्णच्या पूर्ण संस्थेला जाते, आणि जेवण-मुक्काम-टी-शर्टचा खर्च नोंदणी शुल्कातून व प्रायोजकांकडून निघतो. उलट कॅलिफोर्नियात एड्सच्या कामासाठी निघणाऱ्या मोठ्या राईडची व्यवस्था एका व्यावसायिक कंपनीकडे होती. खर्चातच फार जातंय अशी तक्रार होऊन ज्यांच्यासाठी पैसा जमायचा त्या संस्थांनीच २००२ मध्ये आपली वेगळी राईड सुरू केली. म्हणजे हा विचार साता समुद्रापलीकडेही करावा लागला. मेडल ज्याला हवं त्याने स्वतःच्या खिशातून घ्यावं.

दुसरं, खातं. वैयक्तिक क्यूआरवर एक रुपयाही टाकू नका, टाकू देऊ नका. नोंदणीकृत न्यास नसलेल्यांना लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी जमवायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधल्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे जावं लागतं. आपली गणेश मंडळं दरवर्षी तेच करतात. गल्लीतलं मंडळ जे करतं ते लाखाच्या सायकलीवर बसणाऱ्यांना जड का जावं? "८०जी मिळेल" असं कोणी तोंडी म्हणालं तर संस्थेच्या नावाची पावती मागा. २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला ती सूट मिळतच नाही, हे देणाऱ्यालाही माहीत असू द्या.

शाळेत आधी या, महिनाभर तरी आधी. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. त्यामुळे काहींकडे सायकल आहे, पण ती टायर-ट्यूबवाचून कुडाला टेकून पडलीय. तिथे नवी सायकल नको. पंप, सोल्युशन, पॅच, पाना आणि चेन द्या, आणि दोन मुलींना पंक्चर काढायला शिकवा. यात फोटो चांगला येत नाही, मान्य आहे.

रस्त्याबद्दल: सोबतची गाडी शेवटच्या सायकलच्या मागे. पुढे नाही, मध्ये नाही, मागे. ती पुढे काढली की समजा, राईड कॅमेऱ्यासाठी आहे. पाणी प्या, हेल्मेट घाला, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी सांगतो ते असं: वणी ते मुकुटबन सकाळी लवकर उरकून घ्या, बल्करच्या मागे वारा अडवायला लागू नका, पाऊस पडून गेला असेल तर नकाशा काहीही म्हणो, पांदणीत शिरू नका, आणि अडॅप्टर खिशात ठेवा. दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचा. रानडुक्कर आणि रोही आडवे येतातच, शिवाय जवळच टिपेश्वर अभयारण्य. तिथला एक वाघ २०१९ मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत तेराशे किलोमीटरहून जास्त चालत गेला. त्याने कोणाकडे वर्गणी मागितली नाही, मेडलही घेतलं नाही.

लोक मला विचारतात, आता पुन्हा कोणी आलं तर? येऊ द्या. पोडावरच्या पोरी अजून पायीच येतात, आणि येणाऱ्यातले सगळेच तसे नसतात. ती कॉलेजची मुलगी नंतर स्वतःच्या पैशाने सहा पंप घेऊन शाळेत आली होती, ड्रोनशिवाय. मी धर्मादाय कार्यालयात अर्ज दिलेला आहे, वहीतल्या सह्यांच्या प्रती जोडून. ज्यांनी ज्यांनी या राईडला क्यूआरवर पैसे पाठवले, मग ते वणीचे असोत की नागपूरचे, त्यांनी आपापल्या मोबाइलमधली त्या व्यवहाराची नोंद पुसू नये आणि तिची छापील प्रत शाळेत आणून द्यावी. सहा सायकली अजून यायच्या आहेत.