सही देण्याआधी

आमच्या भागात पगारदार माणसाकडे सगळ्यांत जास्त मागितली जाते ती सही. पैसे मागताना माणूस घुटमळतो, सही मागताना नाही. "दादा, पैसे नकोत, नुसती सही पाहिजे," हे तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यातल्या प्रत्येक शिक्षकाने, तलाठ्याने, एस.टी.तल्या माणसाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. आमच्या घरातून अशी एक सही गेली. तिच्यामुळे काय झालं आणि पुढे आम्ही पैशाचा विचार कसा करायला लागलो, ते इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते.

आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. यांच्या मावसभावाला बेदाण्याच्या शेडसाठी पतसंस्थेचं कर्ज हवं होतं आणि संस्थेला पगारदार जामीन. भाऊ कष्टाळू होता, त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं हे मी आजही सांगेन. पण द्राक्षाचं गणित आभाळावर. ऑक्टोबरात छाटणी झाली आणि बाग फुलोऱ्यात असताना पाऊस आला की डावणी रोग येतो, मणी गळतात. त्यातून वाचलेला माल शेडवर वाळत टाकलेला असताना अवकाळी आला, तर बेदाणा काळा पडतो आणि दर निम्म्यावर येतो. लागोपाठच्या हंगामात हे दोन्ही झालं. हप्ते थकले आणि पहिली नोटीस भावाबरोबर आमच्याही दारात आली.

बहुतेकांचा समज असतो की संस्था आधी कर्जदाराच्या मागे लागेल, त्याच्याकडून काहीच निघालं नाही तर जामीनदाराकडे वळेल. कायदा तसं म्हणत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. संस्था थेट जामीनदारालाच गाठू शकते, आणि गाठतेही, कारण शेतकऱ्याकडे पैसा वर्षातून एकदा येतो आणि मास्तरांचा पगार दर महिन्याला होतो. त्यात सहकारी संस्थेला दिवाणी कोर्टात वर्षं घालवावी लागत नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. गावाकडे याला "एकशे एकचा दाखला" म्हणतात. तो निघाला की बोलण्यासारखं फार उरत नाही.

यांच्या पगारपत्रकात कपातीच्या रकान्यात, भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कराच्या खाली, एक नवी ओळ आली. ती ओळ मला अजून दिसते. त्या वर्षी आमची मुलगी बारावी झाली होती. तिला पुण्याला जायचं होतं, पण वसतिगृहाचा खर्च त्या पगारात बसेना. तिने सांगलीत प्रवेश घेतला. ती चांगली शिकली, पायावर उभी राहिली. पण तिचं कॉलेज तिनेही निवडलं नाही आणि आम्हीही नाही. ते त्या कपातीने ठरवलं. दोन घरांतलं जाणंयेणं थांबलं. मावशी आजारी पडल्या तेव्हा हे एकटेच जाऊन आले.

यांनी सही का दिली हे मला ठाऊक आहे. लहानपणी वडील गेल्यावर मावशींनीच यांना सातवीपर्यंत आपल्या घरी ठेवून शिकवलं. त्या घरातून आलेल्या माणसाला नाही म्हणणं यांच्या रक्तात नाही. आणि मी वाढले ती सावकाराच्या तगाद्याखालच्या घरात. माझ्या लेखी कर्जाशिवायचं घर आणि लेकीचं शिक्षण याहून मोठं काही नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही आदराच्या. पण आम्ही त्या एकमेकांसमोर कधी आकड्यानिशी मांडल्या नव्हत्या. बोललो असतो तर हेही कळलं असतं की मावशींचं ऋण फेडायला यांना वर्षाकाठी एका महिन्याचा पगार बिनपरतीचा द्यायला आनंदच वाटला असता, आणि माझीही त्याला हरकत नव्हती. दिलेल्या पैशाला मर्यादा असते. सहीच्या पोटात मुद्दल, व्याज, दंडव्याज, वसुलीचा खर्च असं सगळं असतं, आणि ते कुठे थांबेल हे आपल्या हातात नसतं.

आता आमच्या हिशेबाच्या वहीत किराणा, औषधं, विमा यांच्या बरोबरीने "नात्यांसाठी" असा एक रकाना आहे. वर्षाच्या सुरुवातीला त्यात रक्कम ठरते. कुणी अडचणीत आलं तर त्यातून देतो, परत आले तर ठीक, नाही आले तरी मनात धरत नाही. रक्कम संपली की हात जोडून तसं सांगतो. नकार देणं पहिल्यापेक्षा सोपं झालं, कारण मदत करायची की नाही हा प्रश्न आधीच सुटलेला असतो.

ज्या गोष्टीला आपण सगळ्यांत वरचं स्थान देतो, ती कागदावरही सुरक्षित असावी. पीपीएफमधल्या रकमेवर देणेकऱ्यांना कोर्टाकडून जप्ती आणता येत नाही. आयुर्विम्याची नवी पॉलिसी घेताना पुरुषाने ती १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली, कलम ६ प्रमाणे, बायको-मुलांच्या नावे केली, तर ती त्यांच्यासाठीचा विश्वस्त निधी ठरते. देणेकऱ्यांना बुडवण्यासाठीच घेतली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी त्या पैशाला ते हात लावू शकत नाहीत. हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं. विमा प्रतिनिधी स्वतःहून क्वचितच सांगतात, म्हणून आपण विचारावं.

आणि सही द्यायचीच असं मनाने ठरवलंच असेल, तर कोऱ्या फॉर्मवर देऊ नका. कर्जाची पूर्ण रक्कम, मुदत, तारण काय आहे, दुसरा जामीनदार कोण, हे विचारून कागदांची प्रत घ्या. जामीनदार एकाहून अधिक असतील तर साधारणपणे भार सारखा वाटला जातो, आणि तुम्ही कर्ज फेडलंत तर तारणावरचे संस्थेचे हक्क तुमच्याकडे येतात, हे करार कायद्यातच आहे. प्रत नसेल तर ते सिद्ध करताना दमछाक होते. जामीन राहिलेलं कर्ज सिबिलच्या अहवालात तुमच्याही नावापुढे दिसू शकतं, आणि उद्या तुम्हालाच घरासाठी कर्ज हवं असेल तर बँक ते मोजते. जामीनदार वारला तरी जबाबदारी संपत नाही. त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरती ती वारसांवर येते. म्हणून ही सही घरात सांगितल्याशिवाय होऊ नये.

ज्यांनी पूर्वीच कुणासाठी सही दिली आहे त्यांनी याच आठवड्यात संस्थेत किंवा बँकेत जावं, त्या कर्जाचा खातेउतारा लेखी अर्ज देऊन मागावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. हप्ता थकलेला दिसला तर कर्जदाराच्या घरी जाऊन बसावं, बोलावं, थकबाकी थोडी असतानाच मार्ग काढावा. एकशे एकचा दाखला निघेपर्यंत थांबू नये.