हरिगावच्या वाटेवर नावांची यादी

आजचं वाचन: मत्तय 1:1-16, 18-23 (पवित्र मारियेचा जन्मोत्सव, 8 सप्टेंबर)

आजचं शुभवर्तमान बहुतेक जण स्क्रोल करून टाकतात. नुसती नावं! अब्राहामापासून सुरू झालेली यादी संपता संपत नाही. पण आमच्या सायखेड्याहून येवला, कोपरगाव करत श्रीरामपूरकडे गेलात, तर ही यादी वेगळी वाचता येते. तिथे हरिगावला (कुणी हरेगाव म्हणतं) मतमाउलीची यात्रा असते. संत तेरेजा चर्च, आजूबाजूला ऊस, बेलापूर कंपनीचा बंद पडलेला साखर कारखाना, आणि नाशिक-मराठवाड्यातून आलेली माणसं. कुणी नवस फेडायला, कुणी मागायला.

मत्तय पिढ्या मोजतो, चौदा-चौदा-चौदा, अगदी स्प्रेडशीटसारख्या. आणि मधेच चार बायका घालतो: तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको. राहाब यरीहोतली वेश्या. रूथ मवाबी, म्हणजे परकी. सासूच्या मागे आलेली, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून पोट भरणारी. घराण्याची वंशावळ लिहिताना आपण अशी नावं हळूच गाळली असती. मत्तय गाळत नाही. मग येते मारिया.

नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झालेली बरीच कुटुंबं गावकुसाबाहेरची. ज्याच्या नावावर शेत नाही, त्याचं नाव तलाठ्याच्या दप्तरात कशाला येईल? चर्चच्या स्नानसंस्काराच्या वहीत मात्र ते आलं, आईबापाच्या नावासकट. आपल्याला ती वही म्हणजे सर्टिफिकेटपुरतं काम वाटतं. त्यांच्यासाठी ती मत्तयचा पहिला अध्याय होती.

आणि तरी, 2023 च्या ऑगस्टमध्ये, यात्रेला दोनच आठवडे असताना, ह्याच हरेगावात शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून दलित पोरांना झाडाला उलटं टांगून मारलं गेलं. यात्रेत मेणबत्ती लावायची आणि हे मनात येऊच द्यायचं नाही, हे मला जमत नाही. रूथच्या शेतमालकाने सरवा वेचणारीला चोर म्हटलं नव्हतं. उलट तिच्यासाठी मुद्दाम कणसं टाकून ठेवायला सांगितलं होतं. रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय आज जोडून वाचा.

यात्रेला निघाला असाल तर गाडीत वंशावळ मोठ्याने वाचा, एकही नाव न गाळता. चौथ्या बाईचं नाव मत्तय लिहीत नाही, ते मला नेहमी खटकतं. तिचं नाव बथशेबा. तेही घ्या.